एका गाठीने शिकविलेला अनेकांत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्य मेळाव्यातील भाषण)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांचा टप्पा गाठला, ही आपणा सर्वांच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. या मंगल प्रसंगी आरोग्याच्या विषयावर मी काही बोलावे, अशी सूचना विश्वस्तांनी केली, तेव्हा मी प्रथम नम्रपणे नकार दिला. मी वाणिज्य शाखेचा साधा पदवीधर आहे. उभे आयुष्य कापडाच्या दुकानाच्या गादीवर बसून काढले. वैद्यकाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. त्यावर अध्यक्षसाहेब म्हणाले, “रोगाविषयी डॉक्टर बोलतील. रोग्याविषयी तुम्ही बोला.” त्यांच्या या शब्दाचा मान राखून मी आपणापुढे उभा आहे. आणखीही एक कारण आहे. माझ्यावर एक ऋण आहे, आणि ते या सभागृहातच फेडावयाचे आहे. त्याविषयी शेवटी सांगेन.

२०१७ सालची गोष्ट. त्या वर्षी संक्रांतीनंतर माझ्या पोटात, बरगड्यांच्या खाली मध्यभागी, दुखू लागले. जेवणानंतर दुखणे वाढे, मळमळे. पित्त झाले असेल, असे मी स्वतःच ठरविले. जिरे-पाणी झाले, आवळा झाला, औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या गोळ्या झाल्या. अधूनमधून शौचाला डांबरासारखे काळे होत असे, परंतु ती गोष्ट घरी सांगण्याचीही मला लाज वाटली. असे सात महिने गेले. ऑगस्ट महिन्यात एके दिवशी दुकानात गिऱ्हाईकासमोर तागा उलगडत असताना मला भोवळ आली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठवर आलेले आढळले. रक्त कोठेतरी झिरपत होते.

डॉक्टरांनी दुर्बिणीने जठराची तपासणी करण्यास सांगितले. आदल्या रात्रीपासून काही खावयाचे नाही, असे परिचारिकेने बजावले, तेव्हा मला हसू आले. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या माणसाला ती सूचना निराळी देण्याची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशीचे मात्र हसण्यासारखे नव्हते. जठराच्या खालच्या भागात, आतड्याकडे उघडणाऱ्या दाराजवळ, सुमारे अडीच सेंटिमीटरची एक गाठ होती. तिच्या मध्यभागी खळगा होता आणि त्यावर व्रण होता. डॉक्टरांनी माझ्या मुलाला बाहेर बोलावले. काचेच्या दारातून मला मुलाचा चेहरा दिसला. पुढे कोणी काही सांगण्याची आवश्यकता उरली नाही.

गाठीच्या पृष्ठभागावरून चार-पाच बारीक तुकडे काढून तपासणीस पाठविले. अहवाल आला: केवळ दाह, कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. घरात क्षणभर आनंद झाला. परंतु डॉक्टर म्हणाले, “तुकडे वरवरचे आहेत. गाठ खोल आहे.” पुन्हा तुकडे काढले. पुन्हा तेच उत्तर. मग सी.टी. स्कॅन झाला. त्यात जठराच्या भिंतीत भरीव गाठ दिसली आणि अहवालात दोन-तीन शक्यता लिहिल्या होत्या. त्यांतील एकही ऐकावयास गोड नव्हती. एका मोठ्या रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी सांगितले की, वेळ घालवू नका, जठराचा बराच मोठा भाग काढून टाकावा लागेल. त्यांनी घाई केली, असे मी आज म्हणत नाही. त्यांच्यासमोर जेवढे होते, त्यावरून त्यांनी मत दिले.

यानंतर माझ्या मनाची जी अवस्था झाली, ती सांगताना आजही संकोच वाटतो. मी घरी आलो आणि दुकानाच्या वह्या काढून बसलो. येणी-देणी लिहून काढली. धाकट्या मुलाला बँकेची कागदपत्रे समजावली. सौभाग्यवतींनी दोन दिवस माझ्याशी शब्दही काढला नाही. समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली. ज्याच्या त्याच्याजवळ कोणाच्या तरी आजाराची कथा होती. अखेर मी मनाशी ठरविले की, शस्त्रक्रिया करावयाची नाही, पुढील तपासणीही करावयाची नाही. देह जाणारच आहे, तर तो सल्लेखनेच्या मार्गाने जावा. हा माझा वैराग्यभाव आहे, असे मी स्वतःला समजावीत होतो. वास्तविक ते भय होते, आणि त्याने वैराग्याचे वस्त्र पांघरले होते.

त्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. मी महाराजांच्या चरणी जाऊन माझा विचार निवेदन केला. वाटले, महाराज प्रसन्न होतील. महाराजांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: “रोग निष्प्रतिकार आहे, असे वैद्यांनी सांगितले काय?” मी म्हणालो, “नाही महाराज. रोग कोणता, हेच अद्याप नक्की झालेले नाही.” महाराज म्हणाले, “मग तू कशाचा त्याग करावयास निघाला आहेस? देहाचा, की विचार करण्याच्या कष्टाचा?”

आपणांपैकी अनेकांनी आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’चे स्वाध्याय केले आहेत. उपसर्ग, दुर्भिक्ष, वार्धक्य किंवा रोग यांवर काहीही प्रतिकार उरला नसेल, तेव्हा धर्मासाठी केलेल्या देहत्यागाला आचार्यांनी सल्लेखना म्हटले आहे. ‘निष्प्रतिकार’ ही तेथील अट आहे. मी ती अट वाचली होती, पाठही केली होती. परंतु स्वतःच्या पोटात गाठ निघाली तेव्हा नेमका तोच शब्द विसरलो. अपूर्ण अहवालावर आयुष्याचा हिशेब बंद करणे, याला शास्त्रात आधार नाही. व्यापारातही नाही.

महाराजांच्या आज्ञेने मी मुंबईस गेलो. तेथे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड नावाची तपासणी झाली. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचे यंत्र बसविलेले असते. त्यामुळे जठराच्या भिंतीचे थर एकेक करून दिसतात आणि गाठ कोणत्या थरात आहे, ते समजते. माझी गाठ अस्तराच्या खालच्या थरात होती आणि तिच्यात बारीक नळीसारख्या पोकळ्या दिसत होत्या. सुईने खोलवरचा नमुना घेतला. त्यात स्वादुपिंडाच्या पेशींसारख्या पेशी आढळल्या, परंतु नमुना अल्प असल्याने निश्चित काही सांगता येईना. रक्तस्राव होत असल्यामुळे गाठ काढणे आवश्यकच होते. मात्र तेथील शल्यचिकित्सकांनी ठरविले की, आधी केवळ गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढावा, शस्त्रक्रिया चालू असतानाच तो गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा आणि कर्करोग दिसला तरच पुढे मोठी शस्त्रक्रिया करावी. त्याप्रमाणे झाले. कर्करोग दिसला नाही. आठवड्याभराने अंतिम अहवाल हाती आला. त्याचा मथितार्थ असा, की ही गाठ म्हणजे जठराच्या भिंतीत वसलेले स्वादुपिंडाचे ऊतक आहे, कर्करोग नाही.

मी डॉक्टरांना विचारले, “स्वादुपिंड तर जठराच्या मागे असते. ते जठराच्या आत कसे आले?” त्यांनी जे समजावून सांगितले आणि पुढे मी स्वतः जे वाचले, ते सोप्या शब्दांत सांगतो.

स्वादुपिंड म्हणजे आपण ज्याला पॅन्क्रियास म्हणतो तो अवयव. अन्न पचविणारे रस तो तयार करतो आणि त्यातील लहान लहान बेटांसारख्या पेशीसमूहांतून इन्शुलिन पाझरते. गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत आद्य अन्नमार्गाच्या पुढील भागापासून दोन कोंब फुटतात. ते फिरून एकत्र येतात आणि त्यांचे स्वादुपिंड होते. त्या वेळी जठर आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग अगदी शेजारी असतात. या हालचालीत एखादा कण शेजारच्या भिंतीत राहून जातो आणि तेथेच वाढतो, अशी एक उपपत्ती आहे. त्या भिंतीतीलच काही मूळ पेशी स्वादुपिंडाचे रूप घेतात, अशी दुसरी. कसेही असले तरी त्या तुकड्याचा मूळ स्वादुपिंडाशी काही संबंध नसतो. त्याच्या रक्तवाहिन्याही वेगळ्या असतात.

आम्हा व्यापाऱ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर ही खतावणीतील चूक आहे. रक्कम खरी, व्यवहार खरा, परंतु नोंद दुसऱ्याच्या पानावर पडलेली. तिला बुडीत रक्कम म्हणता येत नाही आणि अफरातफरही म्हणता येत नाही.

या स्थितीची पहिली नोंद १७२७ सालची असल्याचे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. १८५९ मध्ये क्लोब यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तिची खात्री करून घेतली. १९०९ मध्ये हाइनरिख यांनी अशा ऊतकाचे तीन प्रकार पाडले. ज्यात पाचकरसाच्या ग्रंथी, नलिका आणि इन्शुलिनची बेटे हे सर्व सापडते, तो पहिला प्रकार. माझी गाठ त्या पहिल्या प्रकारातील होती. म्हणजे माझ्या जठरात एक छोटेसे संपूर्ण स्वादुपिंडच दुकान थाटून बसले होते, आणि मला साठी जवळ येईपर्यंत त्याची कल्पनाही नव्हती.

ही गोष्ट वाटते तितकी अपूर्व नाही. शवविच्छेदनाच्या वेगवेगळ्या पाहण्यांत असे ऊतक सुमारे अर्ध्या टक्क्यापासून तेरा टक्क्यांपर्यंत आढळले आहे. पोटाच्या वरच्या भागातील सुमारे पाचशे शस्त्रक्रियांमागे एकदा ते दृष्टीस पडते, असे म्हणतात. जठर, लहान आतड्याचा आरंभ आणि त्यापुढील भाग ही त्याची नेहमीची ठिकाणे. जठरात ते बहुधा खालच्या भागातच, दारापासून पाच-सहा सेंटिमीटरच्या आत असते. बहुतेकांना त्याचा काहीही त्रास होत नाही. आयुष्य संपते, तरी पत्ता लागत नाही. परंतु गाठ दीड सेंटिमीटरहून मोठी असेल, तर त्रासाचा संभव वाढतो. तिच्यातून पाचकरस स्रवतात, भोवती दाह होतो, वरच्या अस्तरावर व्रण पडतो, त्यातून रक्त जाते, कधी जठराचे दार अडते. माझ्या गाठीतील मधला खळगा म्हणजे त्या चुकलेल्या स्वादुपिंडाची नळी उघडण्याची जागा होती. त्याच खळग्यावरील व्रणामुळे ती गाठ कर्करोगासारखी दिसली.

मग तुकड्यांच्या तपासणीत खरे काय ते का कळले नाही? याचे उत्तर आपल्या धंद्यात आहे. गठ्ठा फोडल्यावर वरचा एक तागा चाचपून आतल्या सर्व मालाचा भाव कोणी ठरवीत नाही. दुर्बिणीच्या चिमट्याने निघतात ते वरच्या अस्तराचे कण. गाठ मात्र अस्तराच्या खाली असते. त्यामुळे अशा तुकड्यांत बहुधा केवळ अस्तरच येते. “या तुकड्यात कर्करोग नाही” हे त्या अहवालाचे म्हणणे पूर्णपणे खरे होते. त्या तुकड्यापलीकडे त्याने काहीच म्हटले नव्हते. पलीकडचे आम्ही आमच्या मनाने वाचले.

येथे मला स्याद्वाद आठवतो. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, हे पंडितजी आपणांस वारंवार सांगतात. ‘स्यात्’ म्हणजे ‘एका विशिष्ट अपेक्षेने’. दुर्बिणीच्या अपेक्षेने ती गाठ कर्करोगासारखी होती. वरवरच्या तुकड्यांच्या अपेक्षेने ती केवळ दाह होती. सी.टी. स्कॅनच्या अपेक्षेने ती भिंतीतील भरीव गाठ होती. यांतील एकही विधान असत्य नव्हते. असत्य होता तो माझा एकांत, म्हणजे त्यांतील एक विधान उचलून तेच संपूर्ण सत्य मानण्याचा माझा आग्रह. मी बालपणापासून पाठशाळेत अनेकांत शिकलो, परीक्षेत गुण मिळविले, आणि प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा एकांती ठरलो.

बंधुभगिनींनो, माझी कथा येथेच संपली असती, तर ती सुखान्त होती. आता त्या ऋणाविषयी सांगतो.

शस्त्रक्रियेनंतर मी बरा झालो आणि जो भेटेल त्याला माझी कथा सांगू लागलो. दुकानात सांगितली, लग्नकार्यात सांगितली, मंदिराच्या पायरीवर सांगितली. सांगता सांगता ती आटोपशीर होत गेली. “डॉक्टरांनी कर्करोग म्हटले होते, निघाले भलतेच. घाबरू नका, डॉक्टर असेच घाबरवितात.” लोक हसत, मलाही बरे वाटे. सात महिने मी दुखणे अंगावर काढले, ते मी सांगत नसे. कोणती तपासणी कशासाठी झाली, तेही सांगत नसे. गाठ शेवटी काढावीच लागली, हे तर कथेतून गळूनच गेले.

२०१८ साली माझ्या एका जुन्या स्नेह्यांनी ही कथा ऐकली. त्यांनाही पोटात दुखत होते, जेवण कमी झाले होते, वजन उतरत होते. मुलांनी तपासणीचा आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले, “अण्णांचे काय झाले, ठाऊक आहे ना? माझेही तसेच असेल.” त्यांनी आठ महिने घालविले. अखेर तपासणी झाली, तेव्हा तो खरोखरीचा जठराचा कर्करोग होता आणि पसरलेला होता. २०१९ साली ते आपल्यातून गेले. त्यांच्या कुटुंबीयांच्या अनुमतीने मी हे सांगत आहे.

लवकर तपासणी झाली असती तर ते वाचलेच असते, असे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्यांच्या हातातून जे आठ महिने गेले, त्यांत माझ्या अर्धवट कथेचा वाटा होता, हे मला नाकारता येत नाही. पहिल्या वेळी माझे भय एकांती होते. दुसऱ्या वेळी माझा आनंद एकांती होता. पहिल्या एकांताने माझीच हानी झाली असती. दुसऱ्याची झळ दुसऱ्याच्या घराला लागली. आपण अहिंसेचे उपासक पाणी गाळून पितो, जमिनीकडे पाहून पाऊल टाकतो. न गाळलेल्या शब्दानेही हिंसा घडते, हे मला साठीनंतर कळले.

म्हणून आज संपूर्ण कथा सांगितली. तिच्यातून निघणाऱ्या काही गोष्टी आपल्या घरी जाऊन अवश्य सांगाव्यात, ही विनंती.

पहिली, प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु तपासल्याशिवाय कोणतीही गाठ निरुपद्रवीही नव्हे. जठराच्या भिंतीतील गाठ माझ्यासारखी चुकल्या ठिकाणचे स्वादुपिंड असू शकते, औषधांनी व शस्त्रक्रियेने आटोक्यात येणारी निराळ्या जातीची गाठ असू शकते, आणि कर्करोगही असू शकतो. चुकल्या ठिकाणच्या स्वादुपिंडातही क्वचित, फार क्वचित, कर्करोग उद्भवल्याची उदाहरणे आहेत. बाहेरून पाहून हा भेद डॉक्टरांनाही करता येत नाही, तर शेजाऱ्याला कोठून करता येणार?

दुसरी, काही लक्षणे अंगावर काढू नयेत. महिनोन्महिने टिकणारे पोटाचे दुखणे, कारणाशिवाय घटणारे वजन, थोडे खाताच पोट भरणे, वारंवार उलटी, गिळताना अडथळा, रक्त कमी होणे आणि शौचास काळे होणे. लोहाच्या गोळ्यांनीही काळे होते, हे खरे. परंतु ते कशाने, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. आपल्या भगिनी अशक्तपणा हा उपवासांचा परिणाम समजून गप्प राहतात. त्यांना माझे विशेष सांगणे आहे.

तिसरी, अहवाल हाती आला की “कर्करोग आहे की नाही?” एवढेच विचारून थांबू नये. “हा नमुना गाठीच्या आतून घेतला आहे काय? अजून काय पाहावयाचे राहिले आहे?” हेही नम्रपणे विचारावे. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. मात्र दुसरे मत घेणे म्हणजे मनासारखे उत्तर मिळेपर्यंत दारोदार हिंडणे नव्हे. बँकेत रक्कम जमा दिसते, परंतु ती कोणाची, हे कळत नाही, तेव्हा आपण ती सस्पेन्स खात्यावर ठेवतो. नफ्यात धरीत नाही आणि परतही पाठवीत नाही. परंतु वर्षअखेरीपूर्वी तिचा तपास लावतोच. संशयित गाठीच्या बाबतीतही धीर आणि तपास दोन्ही हवेत. दोहोंपैकी एक सोडला की हिशेब चुकतो.

चौथी सूचना विश्वस्तांना आहे. आपला ट्रस्ट चष्मे वाटतो, रक्तदान शिबिरे भरवितो, हे स्तुत्य आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात यास एका निधीची जोड द्यावी. ज्यांना दुर्बिणीच्या तपासणीचा किंवा मुंबई-पुण्याच्या प्रवासाचा खर्च झेपत नाही, त्यांचा तपास केवळ पैशाअभावी अर्धवट राहू नये. समाजातील डॉक्टर बंधूंनी महिन्यातून एक दिवस लोकांचे अहवाल समजावून सांगण्यासाठी द्यावा. या निधीस माझ्या स्नेह्यांच्या स्मरणार्थ आमच्या कुटुंबाकडून पहिली रक्कम आजच अध्यक्षांकडे दिली आहे.

माझ्या पोटावर आज तीन लहान व्रण उरले आहेत. जेवण नीट जाते, दुकानात जातो, स्वाध्यायाला बसतो. माझ्या स्नेह्यांच्या घरची मंडळी येथे पुढच्या रांगेत बसली आहेत. क्षमावाणीच्या दिवशी दरवर्षी मी त्यांच्या घरी जातो. जे तेथे हात जोडून म्हणतो, ते आज सर्वांसमक्ष म्हणतो. माझ्या अपुऱ्या बोलण्यामुळे आपणांस जे दुःख झाले, त्याबद्दल मन, वचन आणि काया यांनी मी आपली क्षमा मागतो.

जय जिनेंद्र.